‘एक चमचा यीस्ट’ म्हणजे नक्की किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांनी लोकलच्या गर्दीत हा भाग अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे आकडे मी भराभर सांगून टाकले, ते इथे नीट लिहिलेत. लादी पावाची पूर्ण कृती शेवटाकडे आहे, पण थेट तिथे उडी मारू नका. कारण सांगते.

मागच्या मे महिन्यात चिपळूणहून माझ्या आत्याचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाली, “अगं, तुझा पाव म्हणजे वीट झालीय वीट. गाईनेसुद्धा हुंगून सोडला.”

झालं होतं असं, की मी डिसेंबरात पुण्याला घरी केलेल्या पावाचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले होते. वर तपकिरी, आत कापसासारखे. आत्याने लगेच कृती मागितली आणि मी लगेच टाइप करून पाठवली. नातवाच्या वाढदिवसाला वीसेक माणसं जेवायला येणार, पावभाजीचा बेत, आणि या वेळी पाव बेकरीतून आणायचा नाही असं तिने ठरवलं. सकाळपासून खपली. संध्याकाळी सात वाजता काकांना स्कूटरवरून बेकरीत पिटाळावं लागलं.

आता ही बाई पन्नास माणसांचे मोदक एकटी वळते. घावन तर डोळे मिटून घालते. आणि ती मला म्हणाली, “मला जमायचं नाही हे. तुम्हा पोरींची कामं ही.” ते मला जास्त लागलं. कारण चूक तिच्या हातात नव्हतीच, माझ्या मेसेजमध्ये होती. तो मेसेज जसाच्या तसा देते:

“२ कप मैदा, १ चमचा यीस्ट, चिमूटभर मीठ, थोडी साखर, कोमट दूध लागेल तसं. मऊ मळ, २ तास ठेव, मग ओव्हनमध्ये २० मिनिटं.”

वाचायला काय छान वाटतं! पण यातला एकही शब्द दुसऱ्या घरात तोच राहत नाही. आम्ही मग व्हिडिओ कॉलवर बसून एकेक ओळ तपासली. आजचा भाग म्हणजे खरंतर त्या कॉलचीच गोष्ट आहे.

पहिलं म्हणजे चमचा. मी कॅमेऱ्यासमोर माझा मापाचा छोटा चमचा धरला, ५ मिलीचा. तिने तिचा धरला, तर तो पोह्यांचा चमचा, आणि भरायचा कसा विचारलं तर म्हणाली, “चमचा म्हणजे वर शीग आलीच पाहिजे ना!” माझ्या सपाट चमच्यात इन्स्टंट यीस्ट साधारण ३ ग्रॅम बसतं. तिच्या शिगोशीग चमच्यात त्याच्या तिप्पट तरी गेलं असणार. आणि वीस माणसांसाठी तिने सगळंच पाचपट केलं होतं.

दुसरं, मीठ. ‘चिमूटभर’ हा शब्द मी गोडाच्या शिऱ्यावरून उचलला असावा. पावात मीठ फक्त चवीला नसतं. ते यीस्टला आवर घालतं आणि पिठातला चिवटपणा घट्ट करतं. मैद्याच्या साधारण २ टक्के मीठ लागतं, म्हणजे ३०० ग्रॅम मैद्याला ६ ग्रॅम, छोटा सपाट चमचा भरून. मी स्वतः करताना तेवढंच घालत होते! लिहिताना मात्र सवयीने ‘चिमूटभर’ लिहून मोकळी झाले. म्हणजे आत्याकडे यीस्ट तिप्पट आणि त्याला वेसण घालणारं मीठ जवळजवळ नाहीच.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं: ‘२ तास ठेव’. डिसेंबरात माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात सकाळी २० अंश होते. मे महिन्यात चिपळूणला ३३. यीस्ट हा जिवंत जीव आहे. पिठातली साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून पीठ फुगतं. उबेत तो जोमात येतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मग तिच्याकडे दोन तासांत काय झालं? पीठ पाऊण तासातच फुगून वर आलं, आणि उरलेला वेळ ते स्वतःलाच खात बसलं. वायू धरून ठेवणारं जाळं ताणून ताणून फाटलं, पीठ खाली बसलं. साखर यीस्टने संपवली होती, म्हणून भाजल्यावर वरून रंगही येईना. पाव पांढराफटक, आत गच्च आणि वास आंबूस. तिने वर्णन केलं ते अगदी हेच होतं.

गंमत म्हणजे हे सगळं तिला ठाऊक होतं. इडलीचं पीठ! थंडीत आपण डबा शालीत गुंडाळून ठेवतो आणि उन्हाळ्यात चार तासांतच फ्रीजमध्ये ढकलतो. कोणी घड्याळ बघून इडलीचं पीठ आंबवत नाही, पीठ बघून आंबवतं. मी तिला म्हटलं, “आत्या, तू इडलीला जे करतेस तेच पावाला करायचं होतं.” ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, “मग तू दोन तास असं लिहिलंस कशाला?”

बरोबरच होतं तिचं.

आता थोडं मागे जाऊ. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि गोव्यात पाव करणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरो’वरून. पोई, उंडो, कात्रे, बांगडीसारखं कांकण असे प्रकार तिथल्या भट्ट्यांत निघतात. पूर्वी हे पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी वापरत. त्या भट्टीत कोणी ग्रॅम लिहून ठेवत नव्हतं. पण तिथे लिहायची गरजच नव्हती. भट्टी तीच, पीठ तेच, आणि मुलगा बापाशेजारी उभा राहून पिठाला हात लावून शिकतो. हाताला कळतं. आपण मात्र पुण्याहून चिपळूणला हात पाठवू शकत नाही, मेसेज पाठवतो. आणि रीलचं तर विचारूच नका, तिथे पीठ तीन सेकंदांत फुगतं आणि खाली गाणं वाजत असतं. (रील करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण निदान कॅप्शनमध्ये तरी माप लिहा!)

मग माप कसं लिहायचं? ‘कप’ लिहू नका, एवढं तर मी आता हात जोडून सांगते. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा, मेट्रिक २५०चा, आणि आत्याच्या घरात कप म्हणजे चहाचा कप. बरं, कप अगदी तोच असला तरी मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, आणि डब्यात कप खुपसून दाबून भरला तर दीडशेच्या वर जातो. म्हणजे कप एकच, मैदा पाव पटीने जास्त. भाजीत हे खपून जातं. पावात पाणी तेच राहतं आणि पीठ वाढतं, म्हणजे गोळा दगड.

यावर आमच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, की आपल्या आज्या तर वाटीनेच करायच्या, त्यांचं कसं बिघडायचं नाही? प्रश्न मस्त आहे. उत्तर असं, की वाटी हे माप नव्हतंच, ते प्रमाण होतं. तांदूळ एक वाटी तर पाणी दोन वाटी. वाटी लहान असो की मोठी, दोन्हीकडे तीच वाटी, म्हणून भात बिघडत नाही. जगभरचे बेकर लोक नेमकं हेच करतात, फक्त वजनाने. पीठ नेहमी १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत लिहायचं. पाणी ६५ म्हणजे १०० ग्रॅम पिठाला ६५ ग्रॅम पाणी. मीठ २, यीस्ट १. मग चार पाव करा नाहीतर चाळीस, गणित तेच. इंग्रजी पुस्तकांत याला भारी नाव आहे, पण आहे ते आपलं ‘एकास दोन’च.

यासाठी लागतो फक्त एक डिजिटल वजनकाटा. भाजीवाल्याकडे असतो तसा मोठा नको, स्वयंपाकघरातला छोटा, चार-पाचशे रुपयांपर्यंत मिळतो. बेकिंगच्या सामानात पहिला खर्च कशावर करावा असं विचाराल, तर मी साच्यांच्याही आधी हा काटा घेईन. एक सावधगिरी मात्र हवी: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारे काटे २-३ ग्रॅम यीस्ट मोजताना गोंधळतात. तेवढ्यापुरता मापाचा ५ मिलीचा चमचा घ्या, आणि वरून सुरीने सपाट करा. आत्या, शीग नाही!

वजन आलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे पीठ स्वतः. गव्हात दोन प्रकारची प्रथिनं असतात, त्यांना पाणी मिळालं आणि मळलं की ग्लूटेनचं जाळं तयार होतं. तेच वायू अडवून धरतं. ज्वारीत ते नसतं, म्हणून ज्वारीची भाकरी थापताना चिरा पडतात आणि आपण गरम पाण्याने पीठ भिजवून ते सावरतो. मैद्याच्या पाकिटामागे प्रोटीनचा आकडा छापलेला असतो, तो बघायची सवय लावा. १०० ग्रॅममध्ये १० ते ११ ग्रॅम असेल तर पाव होतो. त्याहून कमी असेल तर तो मैदा केकला ठेवा. माझी बहीण कॅनडात असते. तिथल्या साध्या मैद्यातही प्रोटीन आपल्यापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे तो पाणी जास्त पितो. माझ्याच प्रमाणाने तिचा गोळा घट्ट झाला आणि माझा मऊ. दोघींपैकी कोणीच चुकलं नव्हतं.

आणि गिरणीवरचं गव्हाचं पीठ? त्याला आणखी पाणी लागतं. एक तर त्यात कोंडा असतो, तो पाणी शोषतो. शिवाय जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने पिठातला थोडा स्टार्च फुटतो, तोही पाणी ओढतो. म्हणून पोळीचं पीठ मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी घेतं, हे पोळ्या करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पूर्ण गव्हाचा पाव करायचा तर पाणी ७५ टक्क्यांपर्यंत न्या आणि भिजवून अर्धा तास तसंच ठेवा, मगच मळा. कोंड्याचे कण ग्लूटेनचं जाळं कापतात, त्यामुळे तो पाव मैद्याइतका हलका होणार नाही. तो होणारच नाही, तर तुलना करून रडू नका.

‘कोमट’ या शब्दाबद्दलही आमचं भांडण झालं. आत्याचं कोमट म्हणजे आंघोळीचं कोमट. यीस्ट ६० अंशांच्या आसपास मरतं आणि पन्नाशीतच त्याची पंचाईत होते. इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येतं, त्याला गरम पाणी लागतच नाही. मोठ्या दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते आधी ४० अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवा, वर फेस यायला हवा. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवा: ‘छान ऊब आहे’ वाटलं तर ठीक, ‘हं, गरम आहे’ वाटलं तर थांबा. आणि मे महिन्यात चिपळूण, नागपूर, सोलापूरला असाल तर सरळ माठातलं पाणी घ्या. पीठ सावकाश आंबतं, चवही चांगली येते.

ओव्हनबद्दल थोडक्यात. ओटीजीच्या बटणावर २०० लिहिलंय म्हणून आत २०० असतातच असं नाही. वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोड लागतो, नुसत्या मायक्रोवेव्हवर पाव भाजला जात नाही. कुकरमध्ये करणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवा, आणि त्यात पाणी नाही. हे शेवटचं वाक्य गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

तर आता ती कृती. आत्याने आणि मी मिळून पुन्हा लिहिलेली, लादीच्या ९ पावांची, ८ इंची चौकोनी टिनमध्ये बसणारी.

मैदा ३०० ग्रॅम. दूध १०० ग्रॅम आणि पाणी १०० ग्रॅम, दोन्ही साध्या तापमानाचं. इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, म्हणजे मापाचा एक छोटा सपाट चमचा आणि वर थोडं. कडक उन्हाळ्यात ३ ग्रॅमच. मीठ ६ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मऊ लोणी २४ ग्रॅम.

लोणी सोडून सगळं एकत्र करा. सुरुवातीला हाताला चिकटेल, तिथेच घाबरून वर मैदा भुरभुरवू नका. सगळ्यात जास्त पाव त्या भुरभुरलेल्या मैद्याने बिघडतात. झाकून १५ मिनिटं सोडून द्या, चिकटपणा बराचसा आपोआप जातो. मग लोणी घालून १० ते १२ मिनिटं तिंबा. पुरणपोळीची कणीक तिंबतो ना, तशी, न कंटाळता. पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता पातळ पडद्यासारखा ताणला गेला आणि पलीकडचा उजेड दिसला, की झालं.

तेल लावलेल्या सरळ उभ्या डब्यात गोळा ठेवा आणि बाहेरून त्याच्या उंचीवर रबरबँड लावा. ही युक्ती आत्याची. गोळा दुप्पट झाला की नाही हे मग डोळ्यांना कळतं, अंदाज करावा लागत नाही. पुण्यात डिसेंबरात याला पावणेदोन तास लागले, चिपळूणला मेमध्ये चाळीस मिनिटं.

गोळ्यातली हवा हलकेच काढा, ६० ग्रॅमचे नऊ उंडे करा आणि लोणी लावलेल्या टिनमध्ये बोटभर अंतरावर लावा. फुगून ते एकमेकांना चिकटायला हवेत. लादी पाव बाजूंनी मऊ असतो तो यामुळेच, चिकटलेल्या बाजूला ओव्हनची कोरडी आच लागत नाही. पुन्हा झाकून ठेवा. तयार झाले का बघायला एका उंड्यावर बोट हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर भाजायला घ्या. अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, तरी भाजा आणि तळटीप लिहून ठेवा.

वरून दुधाचा हात फिरवा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या वर लोणी लावून पाच मिनिटं सुती फडक्याने झाका, साल मऊ राहते. मग टिनमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर खालून घाम सुटून ओला होतो.

ही कृती तुम्ही पुढे पाठवलीत तर खाली तुमच्या तीन गोष्टी जोडा: स्वयंपाकघरात किती अंश होते, पीठ कुठलं (पाकिटावरचं प्रोटीन किंवा ‘गिरणीचं’ असं), आणि प्रत्येक वेळी फुगायला नेमका किती वेळ लागला. बिघडलेल्या पावाचा फोटोही टाका, आडवा कापून, आतली जाळी दिसेल असा. वरून सगळे पाव सारखेच दिसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारलं कशामुळे ते कळत नाही. आणि कृती कोणाकडून आली तेही लिहा. अडलं तर पुढच्या माणसाला कुणाला फोन करायचा हे कळतं.

आत्याने जूनमध्ये पुन्हा करून बघितले, या वेळी फक्त नऊ, आणि कोणाला जेवायला न बोलावता. फोटो आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कापलेला पाव, जाळी एकसारखी, शेजारी माप दिसावं म्हणून ठेवलेला तो पोह्यांचा चमचा. खाली तिचा मेसेज: “२९ अंश. मैदा, प्रोटीन १०.५. पहिल्यांदा ५० मिनिटं, दुसऱ्यांदा ३५. पावसाळी हवेने मैदा दमट झाला होता, म्हणून पाणी १० ग्रॅम कमी घेतलं. तुझ्या कृतीत हे नव्हतं, लिहून घे.”

लिहून घेतलं.